बांगड्याची विराणी आणि बाबांची पेटी

पत्र आलंय ते आधी थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशावर बोलणं चाललंय.

"मावशी, नमस्कार. मी सांखळीजवळ राहतो, वय २६, आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार बँड. आम्ही चौघं. मी गातो आणि गिटार, बाकी बेस, ड्रम्स, कीबोर्ड. गाणी सगळी आमचीच, मराठीत, मध्ये मध्ये कोंकणी, आणि सगळी वेडपट. एक मासेबंदीत बांगड्याच्या विरहाचं, एक लाईट गेल्यावर इन्व्हर्टर बीप करतो त्याच्यावर, एक लग्नातला फोटोग्राफर कुणाला जेवू देत नाही त्याच्यावर, एक भाजीवाला भैया कोंकणी बोलतो त्याच्यावर. लोक हसतात, परत बोलावतात. पण आमचा बेसवाला म्हणतो हे असं किती दिवस, सिरियस गाणी केली नाहीत तर कोण आपल्याला म्युझिशियन म्हणणार. परवा एका कार्यक्रमात निवेदकाने 'आता थोडा टाईमपास' म्हणून आमची ओळख करून दिली, तेव्हापासून तो जास्तच बिथरलाय. आणि घरी वेगळंच. बाबा भजनी आहेत, पेटी वाजवतात. कोणीतरी आमचा व्हिडिओ त्यांच्या भजनाच्या ग्रुपवर टाकला. बाबा एवढंच म्हणाले, तू संगीताची टवाळी करतोस. आता जेवायला बस, लाईट बंद कर, एवढंच बोलतात. व्हिडिओ सोबत पाठवतोय. सिरियस होऊ का? – टवाळ, सांखळी"

अरे टवाळा (सही तूच तशी केलीयस, मला बोल लावू नकोस),

तुझा व्हिडिओ मी तीनदा बघितला. पहिल्यांदा मनसोक्त हसले, बांगड्याच्या गाण्याला तर डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्यांदा जरा कमी हसले. तिसऱ्यांदा फोन उलटा ठेवून नुसतं ऐकलं आणि तेव्हा मात्र हसू येईना, कारण चित्र नसलं की ऐकू येतं की तुमचा ड्रमर दुसऱ्या कडव्यात पळतोय, बेसवाला त्याच्यामागून पळतोय, आणि तो इन्व्हर्टरचा बीप, ज्याच्यावर अख्खं गाणं उभं आहे, तो तीन वेळा तालावर पडतो आणि दोन वेळा कुठेतरी भलतीकडेच. समोरचे लोक हसतायत म्हणून ते झाकलं जातं इतकंच. आणि अजून एक मी मोजलंय, ऐक. अकरा मिनिटांच्या व्हिडिओत तू चार वेळा माफी मागितलीस. "आम्ही काही ग्रेट म्युझिशियन नाही हां", "जरा मस्ती आहे, सांभाळून घ्या", परत एकदा "सांभाळून घ्या", आणि शेवटी "सहन केल्याबद्दल थँक्यू". मग त्या निवेदकाने टाईमपास म्हटलं तर त्याचं काय चुकलं रे? शब्द त्याला तूच पुरवलास.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे, सिरियस होऊ नकोस. पक्के व्हा. आणि ते सांभाळून घ्या बंद कर, आजपासून.

हे मी कुठून बोलते ते पण सांगते. माझ्या विसाव्या वर्षी गावच्या जत्रेत नाटक होतं, मला एका भांडखोर मोलकरणीची भूमिका आणि एक विनोदी पद. तालमीत सगळे लोटपोट. प्रयोगाच्या रात्री पहिल्या ओळीला मंडपातून असला हशा आला की मलाच हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते काही केल्या आवरेना, पद सुटलं, तबलजी बिचारा एकच आवर्तन फिरवत बसला, पेटीवाल्या काकांनी दोनदा मुखडा धरून दिला तरी मी आपली पदरात तोंड घालून उभी. मला वाटत होतं लोक अजून हसतील. कसलं काय, मंडप गप्प झाला. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, बाय, हसायचं काम त्यांचं, तू कशाला केलंस. त्या वर्षानंतर मला विनोदी भूमिका कुणी दिली नाही, ती एक गोष्ट अजून सलते मला, असो.

आता तुझ्या बेसवाल्यासाठी लिहिते, हे त्याला वाचायला दे. अमेरिकेत एक विअर्ड अल यांकोविक म्हणून माणूस आहे, अकॉर्डियन वाजवतो, दुसऱ्यांच्या गाजलेल्या गाण्यांना वेडपट शब्द घालतो. १९८४ मध्ये मायकल जॅक्सनच्या मारामारी टाळ सांगणाऱ्या गाण्याचं त्याने मुकाट्याने जेव असं गाणं करून टाकलं. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असेल की हा एका पावसाळ्याचा बेडूक. तर २०१४ मध्ये त्याचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्याच आठवड्यात एक नंबरला गेला, आणि विनोदी अल्बम तिथे पोचायची ही १९६३ नंतरची पहिली वेळ. तोपर्यंत तीस वर्षं तो हेच करत होता, आणि साथीला बँड जवळपास तोच, ८० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा. आता विचार कर, त्या बँडमधल्या बेसवाल्याचं काम काय असेल. आज रॅप, उद्या हेवी मेटल, परवा पोल्का, आणि प्रत्येक वेळी मूळ गाण्यासारखं हुबेहूब वाजलं पाहिजे, कारण मूळ गाणं डोक्यात आलं नाही तर विनोद कळणारच नाही. ज्याला एकच प्रकार वाजवता येतो त्याला तिथे कोणी उभं करेल काय?

आणि तो यांकोविक मूळ गायकांची परवानगी मागतो, तिथल्या कायद्याने गरज नसली तरी. तुमच्या चाली तुमच्याच आहेत म्हणून तुम्हाला ही कटकट नाही, पण उद्या कुणी म्हणालं सिनेमाच्या चालीवर करा, पटकन चालेल, तर तो व्हिडिओ कधी उतरवला जाईल याचा नेम नाही हे लक्षात ठेवा.

त्याच्याही आधी, १९४० च्या दशकात, स्पाइक जोन्स म्हणून एक होता, त्याच्या बँडमध्ये पिस्तुलाचे बार, गाडीचे हॉर्न, आणि सुरात लावलेल्या गुरांच्या घंटा. सुरात लावलेल्या, बरं का! ऐकायला नुसता धिंगाणा वाटतो, पण बार नेमका मात्रेवर. तुमच्या इन्व्हर्टरचा खापरपणजोबा तो. त्याच्या रेकॉर्ड ऑनलाईन मिळतात, चौघांनी बसून ऐका आणि हाताने ताल धरा, तुमच्या लक्षात येईल की ज्या ठिकाणी तुम्ही हसता त्या ठिकाणी कधीही ताल हललेला नसतो.

क्लासिकलवाल्यांना तरी हे वर्ज्य होतं असं कुठे आहे? मोझार्टने १७८७ मध्ये एक अख्खी रचना केली, वाईट संगीतकार कसं लिहितात त्याची टिंगल म्हणून, आणि शेवटी सगळी वाद्यं वेगवेगळ्या पट्टीत जाऊन आपटतात. हायडनचं एक चार तंतुवाद्यांच्या चौकडीचं काम आहे, ते संपल्यासारखं वाटतं, लोक टाळ्या वाजवायला हात उचलतात, आणि परत सुरू होतं. मग परत संपतं. नक्की संपलं कधी ते शेवटपर्यंत कळत नाही. हा विनोद कसला आहे, नुसत्या थांबण्याचा. तुमच्या फोटोग्राफरच्या गाण्यात "जरा इकडे बघा" नंतर जी गप्प राहायची जागा आहे ना, तिथे तुम्ही एका मात्रेपेक्षा जास्त टिकत नाही, घाबरता, कोणीतरी मध्ये काहीतरी वाजवतंच. चार मात्रा गप्प राहून बघा. पाचव्या मात्रेला चौघं एकत्र आलात तर मंडप डोक्यावर घेतील लोक.

इकडे आपल्याकडे किशोरकुमार घे. १९६२ च्या एका सिनेमात सलील चौधरींच्या चालीवर त्याने बाईचा आणि पुरुषाचा दोन्ही आवाज स्वतःच गायला. ते गाणं ऐकताना आपण हसतो, पण जरा गाऊन बघ, सूर एकदाही घसरू न देता या आवाजातून त्या आवाजात उडी. मी स्वयंपाकघरात प्रयत्न केलाय, कुत्रं उठून बाहेर गेलं. आणि १९६८ च्या पडोसनमधली ती जुगलबंदी, तिथे हरणाऱ्या पात्रासाठी आवाज कुणाचा, तर मन्ना डेंचा, शास्त्रीय तालमीत मुरलेला माणूस. हरायलासुद्धा तयारीचा गळा लागला!

आता बांगड्याकडे येते, कारण ते गाणं खरंच चांगलं आहे आणि तुम्ही ते फुकट घालवताय. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस ट्रॉलर बंद, बाजारात बर्फातला कुठला कुठला मासा, घरी खारं नाहीतर सुक्या सुंगटांची किसमूर, आणि त्यात तुझा तो नायक खिडकीत बसून पावसाकडे बघत ताज्या बांगड्याच्या हुमणाची, म्हणजे कालवणाची, वाट बघतोय. गोव्यातल्या कुठल्याही नुस्तेंखाऊ माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. ते खरं दुःख आहे! पण तू "हुमण" शब्द आला की डोळा मारतोस, "तिरफळ" म्हणताना खाली बसलेल्या मित्राकडे बघून हसतोस, म्हणजे ऐकणाऱ्याच्या आधी तूच त्याला सांगून टाकतोस की हे खोटं आहे. नको ना. विराणी म्हणून गा. एखाद्या जुन्या नाट्यपदासारखी सुरुवात कर, जोगियाची छटा लाव, जमली तर छोटी तान घे, घरी बाबांकडून बसवून घे (बाबांवर येते मी), डोळे मीट, आणि बांगडा हा शब्द जणू प्रियेचं नाव असावं तसा घे. तुझा चेहरा जितका दुखवट्याचा तितके लोक खुर्चीवरून पडतील. आणि त्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला खरंच गलबलून आलं तर त्यात काही वावगं नाही, उलट तेव्हा समज गाणं जमलं.

अजून एक काम करा. चौघं मिळून मडगावला जा आणि एक तियात्र, म्हणजे कोंकणी संगीत नाटक, बघा. तू मराठी नाटकांवर वाढलेला, बहुतेक एकही बघितलं नसशील, आपल्या डिचोली-सत्तरीकडच्या लोकांचं हे असंच असतं, मी पण पस्तिशीपर्यंत बघितलं नव्हतं आणि आता त्याची लाज वाटते. १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत पहिलं झालं, म्हणजे सव्वाशे वर्षं उलटून गेली. नाटकाचे पडदे असतात आणि दोन पडद्यांच्या मध्ये कांतारं म्हणजे गाणी, त्यातली कितीतरी विनोदी, राजकारण्यांवर, शेजाऱ्यांवर, नवरा-बायकोवर, साथीला ट्रम्पेट-सॅक्सोफोनसकट जिवंत बँड. तू गायकाकडे बघशील, बघच, पण तुझ्या ड्रमरला सांग की त्याने फक्त ड्रमरकडे बघायचं. गायकाने शेवटची टोचणारी ओळ टाकली रे टाकली की तो कसा तिला उचलून प्रेक्षकात फेकतो ते. आणि वाजवणारे वादक हसत नाहीत, कितव्यांदा तेच ऐकत असतात कोण जाणे, तोंड असं की जणू बँकेच्या रांगेत उभे आहेत. असला बेसवाला बघितल्यावर तुमच्या बेसवाल्याचं मत बदलेल अशी मला आशा आहे.

आणि आपल्याकडे वेडेपणाची कमी नव्हतीच कधी. उंदीरमामाला मांजरीपासून सांभाळून राहायला सांगणारं ते दुल्पोद, म्हणजे आपलं नाचाचं कोंकणी गाणं, कुठल्याही गोंयकाराच्या लग्नात सुरू झालं की आजीसुद्धा उठून नाचते, त्याला कोणी टाईमपास म्हणत नाही. शिवोल्याच्या रेमो फर्नांडिस या गायकाने १९८४ मध्ये पहिला अल्बम काढला त्याच्या नावातच गोंयकाराचं खुळेपण होतं. दशावतारात तो काळा संकासुर येऊन मालवणीत बडबडतो तोपर्यंत पोरं जागी असतात, नंतर देव आले की झोपतात.

आता एक न आवडणारं. भैयाचं गाणं काढून टाक. मला माहीत आहे त्यालाच सगळ्यात मोठा हशा येतो, व्हिडिओत दिसतोच. पण ऐक ना, बांगड्याच्या गाण्यात तू स्वतःवर हसतोस, इन्व्हर्टरच्या गाण्यात आपण सगळे आपल्यावर हसतो, फोटोग्राफर तर गळ्यात दोन कॅमेरे घालून अख्ख्या लग्नावर राज्य करतो, त्याला चार टोमणे पचतात. भाजीवाला मात्र परक्या मुलखात येऊन आपली भाषा शिकतोय, चुकत माकत, आणि तू माईक घेऊन तीनशे लोकांसमोर त्याची नक्कल करतोस, तो समोर नाही, उत्तर देऊ शकत नाही. त्या गाण्यात सुराचा विनोद नाही, शब्दाचा नाही, नुसता उच्चाराचा आहे, आणि तो कोणीही करतो, त्याला बँड कशाला लागतो? अगदीच जीव अडकला असेल तर उलटं कर. तो भाजीवाला शुद्ध कोंकणी बोलतो आणि तू, इंग्रजी शाळेत शिकलेला सांखळीकर, त्याच्यासमोर "अंकल, हाव मच?" करतोस, असं लिही. ते मला ऐकायचंय.

बेसवाल्याच्या सिरियस गाण्याचं म्हणशील तर त्याच्याकडे असेल एखादं तर बसवा की, कोण नाही म्हणतं. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी गंभीर कविता गातात आणि तेच दोघं अग्गोबाई ढग्गोबाई पण करतात, कोणाला त्यात विचित्र वाटलं नाही. पण ते गाणं आम्हालासुद्धा येतं हे दाखवायला नको. विनोदी सेटच्या मध्ये एक रडकं गाणं प्रमाणपत्रासारखं आणून चिकटवलं की लोकांना बरोबर वास येतो, ते मोबाईल काढतात. गाणं चांगलं असेल तर घ्या, नसेल तर त्याला प्रेमाने सांगा. आणि त्याला खरंच दुसऱ्या वाटेने जायचं असेल तर जाऊ दे, मैत्री ठेवून. मला मात्र वाटतं त्याला लाज वाटते ती विनोदाची नाही, ढिल्या वाजवण्याची आहे, आणि ते त्याला स्वतःला अजून नीट सांगता येत नाहीये. दोन महिने आठवड्यातून दोनदा तालीम ठेवा, त्यातली एक अंधारात किंवा पाठमोरे बसून, म्हणजे एकमेकांची तोंडं बघून हसता येणार नाही. मग विचारा त्याला.

निवेदकाचं सोपं आहे. तुमची ओळख तुम्हीच लिहून चिठ्ठी त्याच्या हातात द्या, दोन ओळी. गावं, वाद्यं, आणि "आज पाच गाणी, विषय बांगडा, वीज आणि लग्न". त्याला पण बरं पडतं, बिचाऱ्याला दहा ग्रुपची नावं पाठ करायची असतात.

राहिले बाबा. तू सांखळीचा, म्हणजे विठ्ठलापूरच्या चैत्री उत्सवात लहानपणापासून बसला असशील बाबांच्या मांडीला मांडी लावून, आणि भारुड ऐकलं असशील. विंचू चावलेला माणूस बोंबलत नाचतो ते, आणि भवानीआईला रोडगा कबूल करून सासू-सासऱ्यापासून सगळ्यांना एकेक करून वाटेतून दूर कर म्हणणारी ती सून. सोळाव्या शतकात नाथमहाराजांनी लिहिलेलं आहे हे. बाया पदर तोंडाला लावून हसतात आणि हसता हसता विंचू म्हणजे काय ते आत शिरतं. आणि देवलांचं संशयकल्लोळ, १९१६ पासून संगीत नाटक म्हणून चालतंय, सगळा मामला संशयी नवऱ्याच्या फजितीचा, आणि त्यातली पदं गायला मात्र तयारीचा गळा लागतो. तुझ्या बाबांनी यातलं काहीतरी नक्की वाजवलेलं असणार.

पण हे त्यांना ऐकवायला जाऊ नकोस हां! मला दिसतोय तू, हे वाचून ताबडतोब बाहेर जाऊन "बघा, नाथांनी पण केलंय" म्हणणार. वाद जिंकशील आणि जेवण अजून गप्प होईल. बापाला मुलाने संतसाहित्य समजावलेलं कुठल्या घरात आवडलंय. शिवाय त्यांचं पूर्ण चूक आहे असं मला वाटत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं पेटीवर बोटं झिजवलीयत त्याला तुमचा पळणारा ताल ऐकू आला असणार, त्याला टवाळी वाटली ती कदाचित बांगड्याची नाही, त्या तालाची. आणि ग्रुपवर बाकीच्या बुवांनी हसणारी तोंडं टाकली असतील, ती कोणावर टाकलीत हे त्यांना कळलं नसेल. माणूस दुखावतो अशाने.

तू असं कर. एखाद्या संध्याकाळी, सातच्या बातम्यांच्या आधी, गिटार न घेता त्यांच्यासमोर बस आणि म्हण, बाबा, मला विंचू बसवून द्या, लय कुठे धरायची ते कळत नाही. एवढंच. बँडचा विषय काढू नकोस, माफी नको, खुलासा नको. पहिल्या दिवशी बहुतेक म्हणतील आता वेळ नाही. दुसऱ्या दिवशी परत बस. पेटीवरचं कापड काढलं की काम झालं समज. शिकवताना ते चुका काढतील, काढू दे, त्या चुका तुझ्या ड्रमरलाही लागू पडतील. आणि विंचू हातात बसला की मग एके दिवशी विचार, बाबा, एका विराणीला जोगिया नीट लागत नाहीये, जरा बघता का. विराणी कोणाची ते त्यांनी विचारलं तरच सांग.

पावसाच्या आधी नवीन व्हिडिओ पाठव. आणि तो बीप कीबोर्डवर नका वाजवू, खराच इन्व्हर्टर आणा स्टेजवर, मी बघितलंय, आमच्याकडचा बरोबर मध्यम देतो.

– मावशी